पॉल सेझान: टेबल तिरकं, बाटली कललेली, तरी 'आम्हा सगळ्यांचा बाप'?

शाईपेन
सेझानबद्दल बरेच दिवस विचारायचं होतं. चित्रकलेवरचं काहीही वाचायला घ्या, मोने झाला, व्हॅन गॉग झाला, गोगँ झाला की गाडी सेझानपाशी येते आणि सगळे एकदम गंभीर होतात. आधुनिक चित्रकलेचा जनक वगैरे. पिकासो तर म्हणायचा की तो आम्हा सगळ्यांच्या बापासारखा होता. व्हॅन गॉगचं चित्र बघून आत जे हलतं ते सेझान बघताना माझं हलत नाही, आणि ते हलावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं 'सफरचंदांची टोपली' घ्या, १८९३ च्या आसपासचं. बाटली एका बाजूला कललीय. टोपली पुढे इतकी झुकलीय की फळं आत्ता खाली येतील. टेबलाची पुढची कड कापडाच्या डावीकडून आत शिरते एका उंचीवर आणि उजवीकडे बाहेर पडते भलत्याच उंचीवर. बशीतली खालची बिस्किटं समोरून दिसतात, वरची जरा वरून. पहिल्या वर्षाच्या पोराने असं काढलं तर सर कागद परत देतील. मग त्याला नीट काढता येत नव्हतं, की मुद्दाम केलं? आणि मुद्दाम, तर कशासाठी? ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय किंवा जे स्वतः रंगवतात त्यांनी सांगा.

बोरूबहाद्दर
"येत नव्हतं" या बाजूला पुरावा आहे, आधी तोच मांडतो. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने, एकोल दे बोझारने, त्याला प्रवेश परीक्षेत नापास केलं. सलों या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाला तो वर्षामागून वर्ष चित्रं पाठवायचा आणि ती परत यायची. १८८२ ला एकदाच एक लागलं, तेही गियमे नावाचा मित्र ज्युरीत होता आणि त्याने 'हा माझा शिष्य' म्हणून वशिला लावला म्हणून. १८६० च्या दशकातली चित्रं बघा, काळीकुट्ट, रंग सुरीने थापलेला, विषय खून आणि अपहरण. ती मला आजही जड जातात.

पण १८६६ मधलं वडिलांचं पोर्ट्रेट बघा, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फुलाफुलांच्या मोठ्या खुर्चीत बसून म्हातारा पेपर वाचतोय. पेपर कुठला, तर ज्यात सेझानचा मित्र, लेखक झोलाने सलोंच्या परीक्षकांची धुलाई केली होती तोच, लेव्हेनमाँ. वडील एरवी तो वाचायचेच नाहीत! मागच्या भिंतीवर सेझानचंच एक छोटं स्टिल लाइफ (फळं-भांड्यांसारख्या वस्तूंचं चित्र) टांगलेलं. म्हणजे बापाच्या हातात मित्राचा पेपर आणि डोक्यामागे आपलं चित्र. इतकं ठरवून मांडणारा माणूस टेबलाची कड चुकून मोडेल हे मला पटत नाही.

कोकणकडा
वडील बँकवाले ना? मुलगा 'मी चित्रकार होणार' म्हणाला तेव्हा घरात काय झालं असेल ते कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला सांगायला नको :)

बोरूबहाद्दर
हो. लुई-ऑगुस्त सेझान. आधी टोप्या बनवायचे नि विकायचे, मग दक्षिण फ्रान्समधल्या ऐक्समध्ये, म्हणजे सेझानच्या गावी, बँक काढली. मुलाला कायद्याला घातलं, त्याने दोन वर्षं तो अभ्यास कसाबसा ओढला आणि १८६१ ला पॅरिस गाठलं. तिथे करमेना म्हणून परत येऊन काही महिने बापाच्या बँकेतही बसला. मग पुन्हा पॅरिस. वडिलांनी दरमहा पैसे दिले हे मात्र कबूल करायला हवं, चित्रं विकली जात नसताना तो तगला तो त्यावरच.

रंगारी_जेजे
स्वतः रंगवतो आणि शिकवतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'येत नव्हतं की मुद्दाम' हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात. माझं मत असं की दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. सेझान एका जागी एका क्षणात बघत नव्हता. तो तासन् तास, दिवसचे दिवस तेच टेबल बघत बसायचा, आणि इतका वेळ बसलं की मान हलते, डोळा हलतो, आत्ता टोपलीकडे बघताना टेबल जसं दिसतं तसं बाटलीकडे बघताना दिसत नाही. आपण कॅमेऱ्याच्या नजरेला सरावलोय, म्हणून सगळं एका बिंदूतून दिसायला हवं असं धरून चालतो. त्याने प्रत्येक वस्तूला तिच्या तिच्या नजरेने न्याय दिला आणि मग ते सगळं एका चित्रात उभं कसं राहील याचा तोल सांभाळला. टेबलाची कड मोडली तर त्याला चालायचं, चित्र पडलं तर चालायचं नाही. शाईपेन, त्याच चित्रात कललेली बाटली सरळ केल्याची कल्पना करून बघ. टोपलीचा सगळा झोक उजवीकडे आहे, बाटली तिच्याकडे डावीकडे रेलून तो झोक तोलते. सरळ बाटलीने टोपली खरोखर घरंगळेल.

आणि हे सगळं आधी मांडणीतच सुरू व्हायचं. लुई ल बाय या तरुण चित्रकाराने त्याला पीचची मांडणी करताना बघितलं होतं. फळाखाली एक-दोन 'सू'ची (म्हणजे चिल्लर) नाणी सरकवून तो हवं तसं कलवायचा, लाल शेजारी हिरवं, पिवळ्याशेजारी निळं असं लावत लावत. त्याला त्यात मजा यायची म्हणे.

आता रंग. आपल्याला शाळेत शिकवतात, गोल दाखवायचा तर एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला काळपट छाया. सेझानने ते सोडलं. त्याचं सफरचंद पिवळ्यातून नारिंगीत, नारिंगीतून लालात, मग जांभळट लालात आणि कडेला हिरवट निळ्यात जातं, प्रत्येक पट्टा वेगळा आणि ब्रशचे फटकारे समांतर, तिरपे. उबदार रंग पुढे येतो, थंड मागे सरकतो, आणि फळ काळ्याची मदत न घेता गोल होतं. बाहेरची रेघ तर एक नसतेच, निळ्या दोन-तीन रेघा एकमेकींना चिकटून असतात, मध्येच तुटतात, तिथून रंग मागच्या कापडात वाहतो. वर्गात मी काळा आणि पांढरा काढून घेतो आणि एकच सफरचंद रंगवायला सांगतो. पहिला तास नुसती कुरकुर. मग कोणाला तरी सावलीत हिरवा दिसतो आणि वर्ग शांत होतो. हे तुम्हीही घरी करून बघा.

सांजवेळा
+१. बाटलीचं वाचून चित्र पुन्हा उघडलं, अंगठ्याने बाटली झाकली. खरंच टोपली पडते!

निळीछत्री
मी शिकागोजवळ राहते, हे चित्र अनेकदा बघितलंय. रंगारींना एक जोडते. छापील चित्रात कापड पांढरं दिसतं. समोर उभं राहिलं की त्यात पांढरं फारच थोडं आहे. निळं, करडं, हिरवट, मध्ये कुठे गुलाबीसर, आणि घड्या इतक्या घट्ट की कापड कापडासारखं न वाटता डोंगरासारखं वाटतं, उतार, घळ्या, कडे. सफरचंदं त्याच्या खाचेत अडकून बसलीयत म्हणून पडत नाहीत. आणि डाव्या कोपऱ्यात सही आहे. सेझान फार कमी चित्रांवर सही करायचा. म्हणजे हे 'वाकडं' चित्र त्याने झालं म्हणून सही करून हातावेगळं केलंय!

शाईपेन, फोनवर बघून आत काही हलणार नाही. हा माणूस फोटोत फार मरतो. व्हॅन गॉग फोटोतूनही ओरडतो, सेझानला समोर उभंच राहायला लागतं.

मोगरावेल
या माणसाची मैत्री हा एक वेगळाच विषय आहे. ऐक्सच्या शाळेत सेझान, झोला आणि बाय नावाचा आणखी एक मित्र असं तिघांचं त्रिकूट होतं. झोला बाहेरून आलेला, बापाविना, बोलण्यात हेल, पोरं त्याला छळायची आणि सेझान त्याच्या बाजूने उभा राहायचा. त्याबद्दल सेझानने मार खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी झोला टोपलीभर सफरचंदं घेऊन आला, हे म्हाताऱ्या सेझानने सांगितलेलं त्याचा तरुण कवीमित्र गास्के याने लिहून ठेवलंय. एका सफरचंदाने पॅरिसला थक्क करेन असं तो म्हणायचा त्याच्या मुळाशी ती टोपली असेल असं मला नेहमी वाटतं.

आणि त्याच झोलाने १८८६ ला कादंबरी लिहिली, नायक क्लोद लांतिए, प्रतिभा असून चित्र पुरं करता न येणारा चित्रकार, शेवटी स्वतःच्याच कॅनव्हाससमोर फास लावून घेतो. सेझानने पुस्तक मिळाल्याचं चार ओळींचं कोरडं पत्र पाठवलं आणि तीस वर्षांची मैत्री संपली. मला झोला कितीही आवडला तरी हे त्याला माफ करता येत नाही.

आडवाट
मोगरावेल, ही 'एका पुस्तकाने मैत्री मोडली' वाली गोष्ट आता तितकी सरळ राहिलेली नाही. २८ नोव्हेंबर १८८७ चं सेझानचं झोलाला लिहिलेलं पत्र नंतर उजेडात आलं. म्हणजे त्या कादंबरीनंतर दीडेक वर्षाने. त्यात त्याने झोलाचं पुढचं पुस्तक पाठवल्याबद्दल आभार मानलेत आणि भेटायला येईन असंही लिहिलंय. दुरावा आलाच, पण तो हळूहळू आला असणार. एक पॅरिसचा नामांकित लेखक झालेला, एक ऐक्सच्या कोपऱ्यात दडी मारून बसलेला.

आणि पैशांचं विसरू नका. १८७८ ला वडिलांनी सेझानचं पत्र फोडलं, त्यातून ओर्तांस (लग्नाशिवाय सोबत राहणारी त्याची जोडीदार) आणि मुलाचं प्रकरण कळलं आणि त्यांनी पैसे कमी केले. तेव्हा ओर्तांसला दरमहा साठ फ्रँक झोलाने पाठवले. १९०६ च्या मे महिन्यात ऐक्सच्या ग्रंथालयात झोलाच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं, तिथे सेझान सगळ्यांसमोर रडला. मैत्री संपलेला माणूस असा रडत नाही.

मोगरावेल
१८८७ चं पत्र मला माहीत नव्हतं. वाचून फार बरं वाटलं. तरी क्लोदचा शेवट मला खुपतोच.

दुपारचीगाडी
सगळे त्याच्या मैत्रीवर आणि सफरचंदांवर बोलताय, जरा ओर्तांस फिकेबद्दल बोलूया का? बाई मॉडेल होती, १८६९ च्या सुमारास दोघं एकत्र आले, १८७२ ला मुलगा झाला, आणि लग्न कधी, तर १८८६ ला! मुलाला आणि तिला वर्षानुवर्षं आजोबांपासून लपवून ठेवायची धडपड. कुठे लेस्ताकला, कुठे मार्सेयला, भाड्याच्या खोल्यांमधून. का, तर वडील पैसे बंद करतील. लग्न झालं त्याच वर्षी वडील गेले, सगळी इस्टेट आली, तरीही ती बहुतेक पॅरिसला आणि तो ऐक्सला आई-बहिणीजवळ.

आणि लोकांनी लिहिताना तिलाच रडकी, कंटाळलेली, चेहऱ्यावर भाव नसलेली म्हणायचं. अहो, त्याच्यासमोर न हलता बसून बघा! त्याची चित्रं विकणाऱ्या व्होलारने लिहिलंय की जरा हललं की हा ओरडायचा, सफरचंद हलतं का? तिची तेलरंगातली जवळजवळ तीस पोर्ट्रेट्स आहेत. इतके तास ती त्याच्यासाठी बसली, आणि अशी बसणारी त्याला दुसरी कोणी मिळाली नाही. बॉस्टनच्या म्युझियममधलं लाल खुर्चीतलं बघा. स्कर्टवरचे निळे-हिरवे पट्टे, मागच्या भिंतीचा पिवळट कागद, आणि मध्ये ती, हात एकमेकांत गुंफून, सगळ्या चित्राचा भार घेऊन बसलेली. मला तो चेहरा कोरा वाटत नाही, सोशीक वाटतो.

कोकणकडा
व्होलारला तर ११५ वेळा बसवलं म्हणे. पासपोर्टच्या फोटोला दोन मिनिटं बसलं की आमची मान अवघडते.

रंगारी_जेजे
हो, १८९९ मध्ये. आणि एवढं करून चित्र अर्धवट सोडून सेझान ऐक्सला निघून गेला. जाताना म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग काही वाईट झालेला नाही.

दुपारचीगाडी, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. तिची पोर्ट्रेट्स मी वर्गात दाखवतो तेव्हा मुलं आधी तिच्या कपाळावरचे रंग मोजतात. पण बसणाऱ्याच्या कष्टाबद्दल कोणी विचारत नाही, ते विचारायला हवं.

शाईपेन
मस्त चाललंय. ओर्तांसचं माहीत नव्हतं. पण मला अजून एक कळत नाहीय, हा मोनेसारख्या इम्प्रेशनिस्टांमध्ये होता की नव्हता? १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती ना?

बोरूबहाद्दर
होती. १८७४ ला आणि १८७७ ला. त्यानंतर तो त्या प्रदर्शनांत पुन्हा दिसला नाही, इतकी टवाळी झाली. पण त्याआधी त्यांच्यातल्याच पिसारो या चित्रकाराने त्याला हाताशी धरलं होतं. पिसारो नऊ वर्षांनी मोठा, स्वभावाने शांत. १८७२ पासून पोंतवाझ-ओव्हेरच्या बाजूला दोघं उघड्यावर शेजारी शेजारी रंगवायचे. पिसारोचं एक चित्र सेझानने जसंच्या तसं उतरवून काढलं, शिकण्यासाठी. पॅलेटमधला काळोख गेला तो तिथेच. म्हातारपणी ऐक्सच्या प्रदर्शनात नाव देताना त्याने 'पिसारोचा शिष्य' असं लिहिलं, आणि तेव्हा पिसारो जाऊन तीन वर्षं झाली होती. तरुण चित्रकार स्वतः सेझानच्या पाया पडायला येत होते त्या काळात! यासाठी तरी मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आज त्याला लावतात ते पोस्ट-इम्प्रेशनिस्ट हे नाव त्याने ऐकलंच नाही. ते इंग्रज समीक्षक रॉजर फ्रायने लंडनच्या १९१० च्या प्रदर्शनाला दिलं, सेझान १९०६ लाच गेला.

डोंगरवेडा
मला चित्रकलेतलं कळत नाही, पण मी ऐक्सला गेलोय ते सेंट-व्हिक्टुआर चढायला, त्यामुळे डोंगराबद्दल बोलतो. १०११ मीटर, चुनखडीचा लांबलचक कणा, वरून झाडं नाहीत, नुसता करडा-पांढरा खडक. सकाळी गुलाबी, दुपारी डोळे दिपवणारा, संध्याकाळी निळा. पश्चिमेकडून, म्हणजे ऐक्सच्या बाजूने, तो त्रिकोणी सुळका दिसतो आणि बाजूने बघितला तर लांब भिंत. म्हणजे जरा जागा बदलली की डोंगर बदलतो. याच डोंगराची सेझानने तेलरंगात आणि जलरंगात मिळून ऐंशीच्या वर चित्रं केली हे तिथे गेल्यावर नवल वाटेनासं होतं.

लेस लोव्हच्या टेकडीवरचा त्याचा स्टुडिओ पण बघितला, १९०२ मध्ये बांधून घेतलेला. उत्तरेला भलीमोठी काच आणि भिंतीत एक उंच अरुंद फट. ती कशाला, तर 'मोठ्या स्नानार्थिनी'सारखे अवाढव्य कॅनव्हास दारातून जात नाहीत, ते सरकवायला. मुलाला शेवटच्या दिवसांत पत्र लिहिलंय त्याने, नदीकाठी बसून, की इथे जागेवरून न हलता जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुकून मी महिनोन् महिने काम करू शकेन. गिर्यारोहकाला हे लगेच कळतं.

सांजवेळा
ऐक्सचं म्युझियम त्याची चित्रं घ्यायला तयार नव्हतं ना? असं काहीतरी वाचलेलं आठवतंय.

आडवाट
बरोबर. पोंतिए नावाचा संचालक होता, तो म्हणाला मी जिवंत असेपर्यंत सेझान इथे येणार नाही. आणि त्याने ते पाळलं. तेव्हाच मोने, देगा, गोगँ त्याची चित्रं स्वतःच्या पैशाने विकत घेऊन घरात ठेवत होते. मातिसने तर १८९९ ला परवडत नसताना व्होलारकडून 'तीन स्नानार्थिनी' घेतलं, सदतीस वर्षं सांभाळलं आणि १९३६ ला पॅरिसच्या पती पॅले या म्युझियमला देऊन टाकलं. सामान्यांना कळायच्या आधी चित्रकारांना कळलं होतं.

निळीछत्री
आणि सेझानच्या पत्ते खेळणाऱ्यांच्या चित्रांतलं एक २०११ मध्ये कतारला गेलं, बातम्यांत आकडा पंचवीस कोटी डॉलरचा होता. ज्या शेतमजुरांना घरी बोलावून त्याने बसवलं त्यांच्या हातातले पत्ते हे!

मोगरावेल
आपल्याकडच्या चित्रकारांवर त्याचा परिणाम झाला का? रंगारी, जेजेत काय शिकवतात?

रंगारी_जेजे
एक थेट दुवा आहे. सय्यद हैदर रझा. जेजेतून बाहेर पडून मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात सामील झालेला तरुण रझा १९४८ ला काश्मीरला गेला होता. तिथे त्याला फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं बघून म्हणाला, तुझ्याकडे प्रतिभा आहे पण चित्रात बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रझाने मुंबईला येऊन फ्रेंच शिकायला घेतलं आणि १९५० ला पॅरिसला गेला. त्याची त्यानंतरची घरांची, गावांची चित्रं बघा, एकावर एक रचलेले ठोकळे, काळ्या आकाशाखाली. ज्यासाठी तो ओळखला जातो तो बिंदू फार नंतरचा. बिंदूतही जी घट्ट बांधणी आहे तिचा धडा सेझानकडचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

दुपारचीगाडी
शेवट कसा झाला त्याचा? मधुमेह होता एवढं माहीत आहे.

डोंगरवेडा
१५ ऑक्टोबर १९०६. उघड्यावर रंगवत होता, वादळी पाऊस आला, तरी उठला नाही. मग रस्त्यात कोसळला, धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत माळी व्हालिएचं पोर्ट्रेट करायला गेला आणि जास्तच आजारी होऊन परतला. आठवड्यात गेला. १७ तारखेचं त्याचं पत्र आहे, रंगाच्या दुकानदाराला. आठ दिवस झाले, सात नंबरच्या बर्न्ट लेक रंगाच्या दहा ट्यूब मागवल्या होत्या, उत्तर का नाही? अंथरुणावर पडलेला माणूस ट्यूबसाठी भांडतोय.

शाईपेन
हे पत्र वाचून मात्र आत हललं. आणि रंगारींच्या बाटलीनंतर मी आता टेबलाच्या कडेकडे वेगळ्या नजरेने बघतोय, मोडलेली कड मला टोचत नाही. पण एक प्रश्न राहिलाच. शेवटच्या वर्षांतल्या सेंट-व्हिक्टुआरमध्ये मध्ये मध्ये कॅनव्हास कोराच सोडलाय. ते अपुरं आहे की पुरं? सही नाही, तर धरायचं काय?

रंगारी_जेजे
याला व्होलारचंच उत्तर आहे. त्याच्या पोर्ट्रेटमध्ये हातांवर दोन बारीक ठिपके रंगाविना राहिले होते, त्याने विचारलं हे भरत का नाही. सेझान म्हणाला, आज लूव्हरमध्ये अभ्यास नीट झाला तर उद्या योग्य रंग सापडेलही, पण तिथे मी काहीतरी अंदाजाने टाकलं तर त्या जागेपासून सगळं चित्र पुन्हा करायला लागेल. म्हणजे प्रत्येक पट्टा शेजारच्या सगळ्या पट्ट्यांना धरून आहे. रंग सापडला नाही तर जागा मोकळी, खोटा रंग भरायचा नाही. डोंगराच्या चित्रांतल्या कोऱ्या जागा मी अशाच वाचतो, आणि मला ती चित्रं पुरी वाटतात, कारण त्या जागा उजेडाचं काम करतात. जलरंगात तर तो कागदाचा पांढरा राखूनच रंगवायचा, ती सवय शेवटी तेलरंगात आली.

फिलाडेल्फियाला कोणी जाणार असेल तर तिथल्या म्युझियममधली 'मोठ्या स्नानार्थिनी' आणि बार्न्स या दुसऱ्या संग्रहालयातली, दोन्ही एका दिवसात बघता येतात. बार्न्समध्ये सेझान एकोणसत्तर आहेत. आधी बार्न्सची बघा, तिच्यावर रंगाचे थरावर थर आहेत, मग म्युझियमची, तिच्यात कोरा कॅनव्हास जागोजागी दिसतो. शाईपेन, तुझ्या प्रश्नासाठी याच क्रमाने.

निळीछत्री
आणि सकाळी लवकर जा, बार्न्सच्या खोल्या लहान आहेत, गर्दी झाली की दोन हातांवरूनसुद्धा चित्र दिसत नाही.